केळवशीच्या काठ्या

"काठ्या दिसल्या का?" मागून कर्णिकांनी ओरडून विचारलं.

"दिसल्या," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. आमच्या बोटीच्या, टिटवीच्या, पुढच्या टोकाला, कठड्यात पाय अडकवून मी उभी होते. हातात पाणी मोजायचा बांबू. त्यावर कर्णिकांनी हातभर अंतरानं लाल पट्टे मारले होते. समोर केळवशी खाडीचं तोंड होतं आणि तोंडाच्या डाव्या अंगाला पाण्यातून सात-आठ काठ्या वर आलेल्या दिसत होत्या. प्रत्येकीच्या शेंड्याला एक चिंधी. सकाळचे साडेआठ वाजले होते, ओहोटी अर्ध्याहून पुढं गेली होती आणि वारा इतका पडला होता की चिंध्या जागच्या हलत नव्हत्या.

"एका ओळीत आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं. डावीकडे ठेवतो त्यांना, आणि सरळ आत. मागच्या दोन्ही खाड्यांत तसंच होतं."

इंजिन धडधडत होतं. मी बांबू पाण्यात घातला. "चार पट्टे," मी ओरडले. थोड्या वेळानं, "साडेतीन." मग पुन्हा साडेतीन. आणि मग बांबू तळाला असा काही आदळला की माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. तोंड उघडायच्या आत पायाखालून करकर आवाज आला, टिटवी दोन हात पुढं सरकली आणि उभी राहिली. मी कठड्यावर पोटावर पडले. इंजिनानं पाठीमागं गढूळ पाण्याचा लोट काढला, पण बोट तसूभर हलेना.

कर्णिकांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत त्यांचा श्वास मला पुढपर्यंत ऐकू आला.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. कर्णिक म्हणजे माझे यजमान. गोदीच्या वसाहतीत त्यांना सगळे आडनावानंच हाक मारायचे, तीच सवय मला लागली. पस्तीस वर्षं त्यांनी गोदीत क्रेन चालवली. दुसऱ्यांची जहाजं भरली, दुसऱ्यांची जहाजं उतरवली. निवृत्त झाल्यावर एका नौकाविहार क्लबानं टाकून दिलेली सव्वीस फुटी शिडाची बोट घेऊन आले आणि चार वर्षं तिला घासत, रंगवत, फायबरची ठिगळं लावत बसले. तिचं नाव टिटवी. माझ्या नावानं ठेवायची होती म्हणे, मी म्हटलं, माझं नाव घेऊन बुडाली तर लोक काय म्हणतील?

त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. त्यांच्याकडे परदेशी मासिकांचा गठ्ठा होता, त्यात मरिनांचे फोटो असायचे. तरंगते लाकडी धक्के, प्रत्येक बोटीला नळ, वीज, शेजारी न्हाणीघर. आपल्या किनाऱ्यावर असलं काही नाही. मच्छीमारांचे धक्के आहेत, तिथं हौशी माणसाच्या बोटीला उभं राहायला जागा नाही आणि बाईमाणसाला जायला संडास नाही. पण कर्णिक म्हणायचे, "मरिना बांधायच्या कशाला? आपल्या खाड्या आहेत ना. नुसत्या शोधायच्या आणि लिहून ठेवायच्या." त्यासाठी त्यांनी एक जाड वही शिवून घेतली होती. प्रत्येक मुक्कामाला एक पान. खोली किती, तळ चिखलाचा की वाळूचा, वारा अडतो का, आत जायची वाट कुठून, आणि शेवटी दहापैकी गुण. अलिबागपासून मालवणपर्यंत रोज दुपारच्या आत एक चांगला मुक्काम गाठायचा आणि वही भरायची, हे ते खूळ.

त्या खुळापायीच आधीच्या मे महिन्यात, सरावाला म्हणून रेवसच्या पुढं गेलो असताना, त्यांच्या छातीत कळ आली. आम्ही दोघंच होतो. मला इंजिन सुरू करता येत नव्हतं. शीड कसं उतरवायचं ते ठाऊक नव्हतं. ते खाली आडवे पडलेले, घामानं निथळत होते, आणि मी भरसमुद्रात ओढणी हलवत दोन तास उभी. शेवटी एका मच्छीमार लाँचनं दोरी टाकून आम्हाला ओढत धक्क्याला नेलं. त्या दोरीनं मला माझा माणूस परत दिला. पण त्या दिवसापासून कुठंही दोरी दिसली की मी तिकडून तोंड फिरवायची.

ऑपरेशन झालं. सहा महिन्यांत डॉक्टरांनी मोकळीक दिली. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, एवढी एकच अट. कर्णिक दुसऱ्या दिवशी बोटीवर हजर. मी रडले, भांडले, चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मी माझी अट घातली.

"मालवणपर्यंत मी येते बरोबर," मी म्हटलं. "पण वाटेत एकदा, फक्त एकदा जरी कोणाला दोरी टाकून आपल्याला ओढावं लागलं, तर तिथंच बोट विकायची. पुन्हा नाव काढायचं नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कबूल."

कर्णिकांनी कबूल केलं की केलं. त्यामुळं त्या सकाळी केळवशीच्या तोंडाशी टिटवी वाळूत बसली तेव्हा नेमकं काय बसलं, ते आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

पाच मिनिटं झाली नसतील, आदल्या मुक्कामाला, नांदवण बंदरात पाहिलेली एक फायबरची होडी आमच्याकडे वळली. उथळ बुडाची, वीतभर पाण्यातही चालणारी. तिच्यावर तिघं होते आणि मागं सुकाणूशी उभा होता तो तिचा तांडेल, पिकल्या मिशांचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काठयांकडे कित्याक घातलात होडी?" तो लांबूनच ओरडला.

"वाटेच्या खुणा ना त्या?" कर्णिक म्हणाले.

"वाटेच्यो? ह्या खाडयेत वाटेच्यो काठयो नाय कोण मारीत! तां सोडा. पाणी जाता हा. दोरी टाकतंय, पुढच्या खुट्याक बांदा. आता ओडली तर सुटात, धा मिंटांनी देव इलो तरी सुटाची नाय."

दोरी आली आणि माझ्या पायाशी पडली. ओली, निळी, मनगटाएवढी जाड. पुढचा खुंटा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी मागं वळून कर्णिकांकडे पाहिलं. सुकाणूच्या दांड्यावर त्यांचा हात अजून तसाच होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या काठ्यांकडे बघत होते.

"बांध, कुंदा," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. मला आता साध्या काठ्या ओळखता येत नाहीत. बांध ती दोरी, मालवणला जायची गरज नाही. इथूनच बोट विकायला काढू."

रागानं म्हणाले असते तर मी बांधली असती. पण ते अगदी सहज म्हणाले, बस चुकल्यावर माणूस म्हणतो तसं. गोदीत पस्तीस वर्षांत ज्यांच्या हातून एक पेटी वाकडी उतरली नाही, त्या माणसानं स्वतःला पाच मिनिटांत मोडीत काढलं होतं, आणि मी ते उभ्यानं बघत होते.

मी दोरी उचलली. दोन्ही हातांनी गोळा केली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून परत तांडेलाच्या होडीत फेकली.

"नको," मी म्हटलं.

"बाय, खुळी झालंस काय? पाणी जातला!"

"जाऊ दे. गेलेलं पाणी येतंच परत."

तांडेलानं कर्णिकांकडे बघितलं, कर्णिकांनी माझ्याकडे. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. माझा तो अवतार बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला, "दुपारचो वारो इलो की समाजतला," असं म्हणून इंजिनाला पीळ दिला आणि होडी आत निघून गेली.

"हे काय केलंस?" कर्णिकांनी विचारलं.

"अट माझी आहे. ती कधी लावायची ते मी ठरवीन."

"कुंदा, तो म्हणतो ते खरं आहे. साडेदहा-पावणेअकराला पूर्ण ओहोटी. एकच्या सुमाराला आपण तरंगू. पण वारा बाराला उठतो. अर्धवट पाण्यात लाटा बोटीला वाळूवर आपटत आणखी वर नेऊन टाकतील. मग दोरीनंही काम भागणार नाही."

"मग बाराच्या आत काय करायचं ते सांगा."

त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बोटीच्या टोकाकडे. मग हळूहळू त्यांच्यातला क्रेनवाला जागा झाला, ते मला दिसलं. "नांगर," ते म्हणाले. "नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायला हवा. त्याची दोरी विंचच्या रहाटावर ताणून ठेवायची. मग लाट आली तरी बोट वर जाणार नाही, आणि पाणी चढेल तशी आपण तिला खोलाकडे ओढून घेऊ. पण खोल पाणी आहे कुठं, हेच तर मला माहीत नाही. आणि नांगर चौदा किलोचा."

"तो तुम्ही उचलायचा नाही, एवढं मला माहीत आहे."

साडेनऊपर्यंत टिटवी एका कुशीवर कलली. भांडी घरंगळून एका कोपऱ्यात गोळा झाली. आजूबाजूची वाळू उघडी पडू लागली, आणि वाळू उघडी पडली तशा किनाऱ्याकडून बायका आल्या. सात-आठ जणी, लुगड्याचा काचा मारलेल्या, डोक्यावर टोपल्या, हातात कोयते. प्रत्येक बाई सरळ आपापल्या चिंधीच्या काठीपाशी गेली आणि वाकून वाळू उकरू लागली. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढत होत्या त्या. काठ्या त्यांच्याच होत्या. जिथं तिसऱ्या चांगल्या सापडतात तिथं काठी रोवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी जागा चुकत नाही.

कर्णिक इंजिनाच्या पेटीत डोकं घालून बसले होते. मी शिडीवरून वाळूत उतरले. त्या बायकांमधली एक सरळ माझ्याकडे चालत आली. माझ्याच वयाची, काटकुळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं आधी टिटवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय," ती म्हणाली, "काल नांदवणच्या बाजारात तुमका सांगलंय मां मी? केळवशीत जातास तर आमच्या काठयांच्या वाऱ्याकय उबी रवा नकात. थंय रेंव आसा. सांगलंय काय नाय?"

सांगितलं होतं. रेंव म्हणजे वाळूचा उथळ भर, हेही.

आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडून तिसऱ्यांचे दोन वाटे घेतले होते. आम्ही कायस्थ, मासळी दिसली की आमचे पाय आपोआप थांबतात. बोलता बोलता मी उद्या केळवशीला जाणार म्हटलं आणि तिनं मला हे सगळं बैजवार सांगितलं. भामाकाकी कुबल तिचं नाव. मी तिसऱ्या घेऊन बोटीवर आले. मी केलेलं सुकं कर्णिकांनी मिटक्या मारीत खाल्लं, वहीत नांदवणला दहापैकी सहा गुण दिले, "उद्या केळवशी," म्हणाले, आणि मी एक शब्द बोलले नाही. सकाळी त्यांनी काठ्या दिसल्या का विचारलं, मी दिसल्या म्हटलं. बोट वाळूत बसेल, कोणीतरी दोरी टाकेल, कोणाला काही इजा होणार नाही आणि आम्ही एस.टी.नं घरी जाऊ. मला माझा नवरा जिवंत हवा होता. त्यासाठी एवढी लबाडी मला अगदी माफक वाटली होती.

फक्त त्यात ते "मला आता साध्या काठ्या ओळखता येत नाहीत" कुठं बसत नव्हतं. तेवढंच मी धरलं नव्हतं.

"सांगितलं होतंत," मी भामाकाकीला हळू आवाजात म्हटलं. "मीच त्यांना बोलले नाही. आता मला खोल पाणी दाखवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांना बायकांचं काय कळायचं ते कळतं.

"चला," ती म्हणाली. "चपला काडा. डोळ्यांनी नाय दिसाचा तां, पायांनी बगूचा लागता."

मी पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली आणि तिच्यामागं चालू लागले. आधी घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. पायाखाली कडक वाळू, लाटांच्या रेघा उमटलेली. "हय कडक लागता मां? ही ती रेंव. ह्या वरसाच्या पावसान हय इली. आदी त्या अंगाक होती," तिनं उत्तरेकडे हात केला. "नकाशात काय आसात ता देवाक म्हायत. रेंव काय नकाशा वाचता?" आणखी दहा-बारा पावलांवर वाळू मऊ झाली. मग एकदम माझा पाय खाली गेला. कमरेएवढं पाणी, पुढच्या पावलाला छातीएवढं. तिनं माझं मनगट धरलं नसतं तर मी गटांगळी खाल्ली असती.

"ही तुमची वाट," ती हसत म्हणाली.

समोर पन्नास हातांवर काळे खडक होते. कर्णिकांच्या नकाशात त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीनं फुली होती, त्यांच्या जवळ जायचं नाही म्हणून. खोल पाणी बरोबर त्या खडकांना लागून आत जात होतं. टिटवीपासून ते मोजून पंचवीस पावलांवर होतं.

आम्ही परत आलो तेव्हा साडेदहा झाले होते. नांगर मी पुढच्या पेटीतून ओढून काढला. कर्णिक हात पुढं करून उठले.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त दोरीला गाठ मारा."

त्यांनी गाठ मारली. गाठ नेहमीसारखी पक्की बसली, हे मी मुद्दाम पाहून घेतलं. भामाकाकीनं आपल्या टोपलीतल्या तिसऱ्या दुसरीच्या टोपलीत ओतल्या, नांगर रिकाम्या टोपलीत घातला आणि एका बाजूला ती, एका बाजूला मी असं धरून आम्ही तो उचलला. मागून दोघी दोरी सोडवत येत होत्या. वाळूत पाय रुतत होते, नांगराचा दात टोपलीतून निसटून माझ्या मांडीला लागला, ती खूण अजून आहे. कठड्याशी उभे राहून कर्णिक ओरडत होते, "आणखी डावीकडे! आणखी! हां, आता पुढं!" मध्येच त्यांच्या लक्षात आलं की सगळं खोल पाणी शोधून झालंय आणि आपल्या ओरडण्याला काही अर्थ नाही, तेव्हा ते गप्प बसले.

काठाशी येऊन आम्ही टोपली उलटी केली. नांगर बुडबुड करत खाली गेला.

मग थांबण्याशिवाय काम नव्हतं. बायका आपल्या कामाला लागल्या. भामाकाकीनं दोन मोठ्या तिसऱ्या फोडून कर्णिकांना कच्च्याच खायला दिल्या आणि त्यांनी निमूट खाल्ल्या, एरवी त्यांना कच्चं काही चालत नाही. सव्वाअकराला पाणी परत येऊ लागलं. बायका टोपल्या उचलून किनाऱ्याकडे निघाल्या, भामाकाकी तेवढी बोटीवर चढून बसली. "मी वाट दाकवतंय, तुमच्या घोवाचो आता काठयांवर इस्वास नाय," ती म्हणाली, आणि कर्णिक पहिल्यांदा हसले.

बाराला दहा कमी असताना वारा आला. आधी कललेल्या डोलकाठीच्या दोऱ्या वाजू लागल्या, मग पश्चिमेकडून पांढऱ्या रेघा आल्या. पहिली लाट टिटवीच्या बुडाखाली शिरली तेव्हा बोट उचलली गेली आणि धप्पकन खाली आपटली. आतली उरलीसुरली भांडी वाजली. पुन्हा एक. नांगराची दोरी ताठ झाली, पण बोट वाळूवर वर चढली नाही.

"आता," कर्णिक म्हणाले. "लाट आली की फिरव. बोट खाली बसली की थांब."

मी विंचच्या दांड्याला लोंबकळले. लाट आली की दोन फेरे. मग थांबायचं. लाट आली की दोन फेरे. माझ्या तळहाताची सालं निघाली. खांद्यातून कळा येत होत्या. एकदा मी थांबले तेव्हा कर्णिक दांड्याकडे झेपावले.

"हात लावायचा नाही म्हटलं ना!"

"कुंदा, तुला जमत नाहीये."

"जमतंय. लाटा मोजा तुम्ही."

ते लाटा मोजू लागले. "आली... आली... फिरव!" रेवसच्या त्या दिवशी मी भरसमुद्रात ओढणी हलवत उभी होते, कारण मला दुसरं काहीच येत नव्हतं. या दिवशी मला एक दांडा फिरवता येत होता. तो मी फिरवत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कर्णिक म्हणतात पाऊण तास. मग एका लाटेला टिटवी उचलली गेली ती खाली आपटलीच नाही. डोलत राहिली.

"सुटली," भामाकाकी म्हणाली.

कर्णिकांनी इंजिन सुरू केलं. मी नांगर वर घेतला, तो त्या दिवशी मला चौदा किलोचा लागलाच नाही. भामाकाकी पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "त्या काळ्या खडपाक नाक लावा," ती म्हणाली. कर्णिकांनी एकदा लाल फुल्या मारलेल्या नकाशाकडे पाहिलं, तो दुमडून खाली ठेवला आणि टिटवी सरळ खडकांवर घातली. खडकांपासून दहा हातांवरून आम्ही आत गेलो. बांबू तळाला लागलाच नाही.

खाडी आत जाऊन डावीकडे वळत होती. वळणाआड वारा नव्हता. चिखलाचा पक्का तळ, तिवरांची गर्द रांग, एक छोटा दगडी धक्का आणि त्याला लागून गोड्या पाण्याचा नळ. धक्क्यापासून शंभर पावलांवर भामाकाकीचं घर, आणि घरामागं, देवाशपथ सांगते, पांढऱ्या फरशीचा स्वच्छ संडास. त्या मासिकांतल्या फोटोंची मला एकदाही आठवण झाली नाही.

त्या रात्री कर्णिकांना सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण ते जेवून लगेच झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इतके खुशीत होते की माझा जीभ उचलायचा धीर झाला नाही. मग मालवण आलं. मग घर आलं. पुढं सात वर्षं आम्ही टिटवी चालवली, गोव्यापर्यंत गेलो, वही भरली, दुसरी शिवून घेतली. मला इंजिन येऊ लागलं, शीड येऊ लागलं, प्रत्येक खाडीत शिरण्याआधी बाजारात जाऊन तिसरेवाल्या बाईला गाठायचं काम माझं होऊन बसलं. तेवढं एक सांगायचं मात्र राहूनच गेलं. जितकी वर्षं गेली तितकं ते जड होत गेलं.

टिटवी आता एका तरुण जोडप्याकडे आहे. गेल्या महिन्यात त्यांनी कर्णिकांची वही मागितली. पुढच्या हंगामात त्यांना किनाऱ्यानं खाली जायचंय, चांगले मुक्काम हवेत. कर्णिकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून मी ती टाइप करायला घेतली. इतक्या वर्षांत मी ती वही कधी उघडली नव्हती. त्यांची वस्तू होती ती. अलिबाग झालं, हर्णै झालं, जयगड झालं. नांदवण, दहापैकी सहा. पान उलटलं.

"केळवशी. खोली: वळणाआत ओहोटीलाही अडीच मीटर. तळ: चिखल, नांगर पक्का धरतो. वारा: चारी बाजूंनी आड. वाट: काळ्या खडकांना लागून, दक्षिणेकडून. उत्तरेच्या काठ्या वाटेच्या नाहीत, तिसरेवाल्या बायकांच्या आहेत, तिथं उथळ. (हे कुंदाला आदल्या संध्याकाळीच ठाऊक होतं. दोरीही तिनंच परत फेकली.) गुण: दहापैकी दहा."

खाली तारीख होती. त्याच दिवसाची.

मी वही घेऊन गॅलरीत गेले. कर्णिक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत. खुर्चीत बसून ते जुन्या दोरीला गाठी मारत होते, बोटांना व्यायाम म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं?" मी पान त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. "भामाकाकींनी चहा देताना सांगितलं. तू नळावर पाय धुवायला गेली होतीस."

"आणि तुम्ही चौदा वर्षं गप्प?"

"तूही गप्पच होतीस की."

"मी तुम्हाला वाळूत घातलं, कर्णिक! तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्हाला वाटलं तुमची नजर गेली."

"वाटलं ना. पाच मिनिटं वाटलं." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "मग तू दोरी फेकलीस. बोट नको असलेली बाई दोरी का फेकते, ते मला दिवसभर कळत नव्हतं. चहाच्या वेळी कळलं. त्यावर मी आणखी काय बोलायचं होतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा भयंकर रागही आला. चौदा वर्षं मी जे गळ्यात बांधून फिरत होते, ते यांनी पहिल्याच संध्याकाळी वहीत लिहून मिटवून टाकलं होतं.

"आणि दहापैकी दहा?" मी विचारलं. "आधीच्या एकाही मुक्कामाला दहा नाहीत."

"बंदर चांगलं होतं," ते म्हणाले. मग पुढची गाठ घेत म्हणाले, "त्या पोरांना पाठवताना कंसातलं गाळ. त्यांना काय करायचंय आपलं."

मी आत आले, चष्मा पुसला आणि टाइप करायला बसले. खोली लिहिली, तळ लिहिला, वारा, वाट, काठ्या. मग कंस उघडला आणि त्यातलं एक अक्षरही गाळलं नाही.